नदी उतरली की ये

सोपाना, मी मिशी उतरवली.

तू असतास तर पोट धरून हसला असतास. म्हणाला असतास, ‘रावजी, तुझ्या तोंडावर तेवढंच एक बघन्यासारखं हुतं, तेबी घालवलंस.’ गेनू न्हाव्यानं वस्तरा परजला खरा, पण ओठाशी आणून तीनदा थांबला. ‘सरकार, नक्की ना? कुनाचं सुतक म्हनायचं?’ मी म्हटलं, ‘महाराज गेले.’ तर हा बाबा विचारतो कसा, ‘कंचे महाराज?’ त्याला वाटलं, कुठल्या तरी मठातले असतील. मग त्याच्या ध्यानात आलं. वस्तरा खाली ठेवला आणि म्हणाला, ‘पर आता राज कुठं ऱ्हायलंय, सरकार? मिशा काढायला कुनी सांगितलंय व्हय?’

कुणी सांगितलेलं नाही. थोरले महाराज गेले तेव्हाही सांगावं लागलं नव्हतं. दवंडी नंतर आली, त्याआधीच इकडच्या आमच्या जहागिरीच्या चारही गावांत एका बाप्याच्या ओठावर केस उरला नव्हता. ह्याच गेनूचा बाप सकाळी पारावर बसला तो दिवस मावळेस्तोवर उठला नाही, हात सुजले त्याचे. तिकडे राजधानीत आपण दोघं न्हाव्यापुढे शेजारी शेजारी बसलो होतो. अठरा वर्षांचे घोडे. तुझ्या ओठावर जेमतेम लव. न्हाव्यानं एकदा वस्तरा फिरवला आणि तुझं झालंसुद्धा. तू माझ्या कानाशी लागून म्हणालास, ‘आरं, यानं माझं घेतलं काय?’ मी फिसकन हसलो. भर सुतकात. वडिलांनी काढलेला चिमटा आठ दिवस काळानिळा राहिला होता माझ्या दंडावर.

यंदा चार गावांत मिळून मिशी काढलेला मी एकटा. लोक वाटेत थांबून विचारतात, ‘घरात कोन गेलं का?’ मी हो म्हणतो आणि पुढं चालू लागतो.

तुला सगळं जग महाराज म्हणायचं. चारचौघांत मीही तीनदा वाकून मुजरा करायचो, ‘आपण’ म्हणायचो, नजर जमिनीवर ठेवायचो. पण दार लावलं की तू सोपान आणि मी रावजी. सोपान हे नाव दत्तकविधानात पुसलं गेलं होतं. पुरोहितानं तुझ्या कानात नवं भारदस्त नाव सांगितलं आणि सोपान नावाचं पोर त्या दिवशी कागदावरून गेलं. ते फक्त माझ्या तोंडात जिवंत राहिलं. आता मी हाक मारतो आहे आणि ओ द्यायला कोणी नाही. वाईट वाटतं म्हणजे काय, हे ह्या वयात मला नव्यानं कळतं आहे.

थोरल्या महाराजांना मूल नव्हतं आणि सरदारांत दोन तट पडले होते. एका तटानं ब्रिटिश सरकारच्या एजंट साहेबाच्या ओळखीतलं एक गोरंगोमटं, इंग्रजी फाडणारं पोर पुढं केलं होतं. माझे वडील हट्टाला पेटले. ‘गादी राजघराण्याच्या रक्तातच राहील,’ म्हणाले, आणि तिसगावाजवळच्या वाडीवरून तुला शोधून काढलं. राजघराण्याची सातवी की आठवी शाखा, अंगावर फाटकी बंडी, हातात गुरं हाकायची काठी. आमच्या दमणीत तुला घातलं आणि सोबतीला मला. आपण दोघं दहा-अकरा वर्षांचे. करंजीचा घाट चढताना बैल दमले म्हणून खाली उतरून चालत होतो, तेव्हा तू माझ्या वडिलांना विचारलंस, ‘आबा, गादीवर बसल्यावर मंग उठू देत्यात का?’

वडील खो खो हसले. म्हणाले, ‘नाही रे बाळा. राजा एकदा बसला की मेल्याशिवाय उठत नाही.’  पुढं नगर येईपर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस, आणि मी मात्र वाटभर तुझी काठी घेऊन मिरवत होतो.

दत्तकपत्रावर पहिली सही माझ्या वडिलांची झाली. त्यांची झाली म्हणून आणखी अकरा जणांनी केली, आणि एजंट साहेबाला मान डोलवावी लागली. त्या बदल्यात थोरल्या महाराजांनी आमच्या घराला गाव दिलं नाही की जमीन दिली नाही; वडिलांनी मागितलंही नाही. दिला तो मान. दसऱ्याच्या दरबारात सोनं पहिलं आमच्या हातचं. आमच्या मळ्याच्या बांधावरच्या आपट्याचं पान गादीच्या हातात पडल्याशिवाय गादीनं दुसऱ्या कुणाचं पान घ्यायचं नाही. आणि शिरस्ता असा, की आमच्या घरचा माणूस कारणाशिवाय गैरहजर राहिला, तर मान कायमचा पुढच्या घराकडे जायचा. तो जावा म्हणून पुढच्या घरचे सरदार दर वर्षी देव पाण्यात घालून बसायचे, हे तुलाही ठाऊक होतं.

वडिलांच्या मागं तेवीस-चोवीस दसरे मी तुझ्या हातात पान ठेवलं. खंडेनवमीच्या सकाळी डहाळी तोडायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची, शेवगावाहून सर्विस मोटारीनं तिसगाव, करंजी करत नगर, आणि पुढं अर्धा दिवस आगगाडी. दरबारात मी पुढं यायचो, पान ठेवायचो, सगळा दरबार श्वास रोखून बसलेला, आणि तू चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता अगदी हळू म्हणायचास, ‘लई उशीर केलास गड्या, हात आवघडला.’ दर वर्षी तेच. दर वर्षी मला हसू दाबावं लागायचं. दिवाणजींना वाटायचं, महाराज काहीतरी आशीर्वाद देताहेत.

एक गोष्ट मी तुला कधी बोलून दाखवली नाही, ती आज बोलतो. वडील गेले तेव्हा तू आलास. न कळवता, ना चोपदार ना भालदार, नगरहून भाड्याच्या मोटारीनं. गादीवरच्या माणसानं प्रेताला खांदा द्यायचा नाही असा तुमच्याकडे कडक नियम. आमचे भटजी हात जोडून ‘महाराज, महाराज’ करत मागं धावत होते. तू पायातले जोडे काढलेस आणि पुढच्या बाजूला खांदा दिलास, घरापासून ढोरेच्या काठापर्यंत. आमची ढोरा नदी ती काय, उन्हाळ्यात वाळूच. वाळूत पाय भाजत होते तुझे, मी बघत होतो. घरी आल्यावर तू माझ्या बायकोला म्हणालास, ‘वहिनी, मला गादीवर बसवलं त्या मान्साला मी गादीवरनंच बघत बसू?’ मी तेव्हा रडण्यात होतो. नंतर सांगू म्हटलं. नंतर नंतर करता पंचवीस वर्षं गेली.

आणि तुझ्या वेळी मला पाचव्या दिवशी कळलं.

आता भांडणाचं बोलू. तू नाहीस म्हणून मी पडतं घेईन असं समजू नकोस. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसा मी आहे. पण खोटं बोलणार नाही.

देशाला स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी, श्रावण संपत आला होता. तू आलास आणि मळ्यातच बसू म्हणालास, घरात नको. आपट्याखाली घोंगडी टाकली. बायकोनं पिठलं-भाकरी पाठवली होती, वर लसणाची चटणी. तू निम्मी भाकरी खाल्लीस आणि म्हणालास, ‘रावजी, मी सही करनार. संस्थान देऊन टाकनार. कुनी वडून काढायच्या आधी आपन उठलेलं बरं.’

मला वाटलं, थट्टा करतोस. मग तुझं तोंड पाहिलं.

मी काय काय बोललो ते तुला आठवत असेलच. भ्यालास म्हणालो. शाळामास्तरं आणि खादीवाली पोरं चार घोषणा देतात आणि तुझं पाणी होतं, म्हणालो. तू शांतपणे म्हणालास, ‘घोषना देनारी पोरं आपलीच हायत, आणि त्यांचं खोटं न्हाई. ह्या चार गावांत मी बत्तीस वर्सांत एक दवाखाना काढू शकलो न्हाई. कशाच्या जिवावर बसून ऱ्हाऊ?’ मी म्हटलं, दवाखान्याचं काय घेऊन बसलास, मानाचं बोल. तू म्हणालास, ‘मान म्हंजे काय, तुझं ते पान? ते तर मी कुठंबी घेईन की.’

तिथं माझं डोकं फिरलं. तुझं ते पान! चाळीस वर्षं ज्याच्यावर आमचं घर उभं, ते तुझं ते पान. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘गादी काय तुझ्या बापाची आहे? आम्ही बसवला तुला. आमच्या सहीनं. नाहीतर आज तिसगावच्या माळावर गुरं वळत असतास. आणि आता आम्हाला न विचारता उठतोस?’

तू ताट बाजूला सारलंस. रागानं नाही. हात धुतलेस, पंच्याला पुसलेस. मग म्हणालास, ‘व्हय. तुमीच बसवलं. म्हनून तर दिवानाच्या आधी, रानीसायबांच्या आधी तुला सांगाया आलो.’

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं नाही, सोपाना. कानावर पडलं, पण ऐकलं नाही. मला वाटत होतं, तू मला विचारायला यायला हवं होतंस. तू विचारलंच नाहीस, नुसतं सांगितलंस, एवढंच मला टोचत राहिलं. तू उठलास, घोंगडी झटकून माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, ‘दसऱ्याला येतोयस न्हवं?’ मी घोंगडी खांद्यावर टाकून घराकडं वळलो.

आजही मला सगळं पटलेलं नाही. ते सांगूनच टाकतो. आता इथं मामलेदार येतो, कागद मागतो, वर्षात तीन मामलेदार बदलले. पण दवाखाना निघाला. पत्र्याचा आहे, कंपाउंडर आठवड्यातून दोनदा येतो, तरी निघाला. तू म्हणाला होतास तसंच झालं, कुणाचं काही अडलं नाही. आपल्यावाचून कुणाचं काहीच अडलं नाही, हेच मला सोसलं नाही. तुला सोसलं, कारण तू मुळात गुराखी होतास, आणि मी जन्मल्यापासून जहागीरदार. हे आत्ता कळून काय उपयोग?

त्या दसऱ्याला मी निघालो होतो. हे कुणालाच माहीत नाही, बायकोलाही अर्धंच माहीत आहे. नवमीला डहाळी तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली, शेवगावाहून मोटारीत बसलो. सगळी वाट मी मनाशी घोकत होतो की पान देईन, पण मान वर करून बघणार नाही. तू ‘हात आवघडला’ म्हणालास तरी हसणार नाही. तिसगावाला मोटार थांबली. ड्रायव्हर चहा प्यायला गेला. समोर तोच माळ, जिथून तुला आम्ही उचलून नेलं होतं. तो बघितला आणि माझा राग पुन्हा उफाळून आला. मी पिशवी घेऊन खाली उतरलो. मोटारवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला. ‘चला की सरकार!’ मी पाठ फिरवून उभा राहिलो, आणि मोटार करंजीच्या रस्त्यानं निघून गेली.

डहाळीचं काय करायचं कळेना. स्टँडवर एक शेळी बांधलेली होती. तिच्यापुढं टाकली. पान न् पान खाल्लं तिनं. त्या वर्षीचं संस्थानचं पहिलं सोनं शेळीनं घेतलं, सोपाना. घरी आलो आणि बायकोला म्हटलं, मोटार बिघडली. ती माझ्या रिकाम्या पिशवीकडं बघत राहिली आणि म्हणाली, ‘मोटार बिघडली, का अजून काही?’ मी तिच्यावर खेकसलो.

माझा हिशेब सरळ होता. मी गेलो नाही, म्हणजे तू शिरस्त्याप्रमाणं पुढच्या घरच्या सरदाराकडून पान घेतलं असणार आणि आमचा मान गेला असणार. जाऊ दे गेला तर, म्हटलं. राज्यच जातंय. मी कुणाला विचारलं नाही आणि मला सांगायची कुणाची छाती झाली नाही. माझ्या नाकावरचा राग चार गावांना ठाऊक आहे.

मग दिवाळीच्या आधी तुझी चिठ्ठी आली. तुझ्या हातची, चार शब्दांची. ‘नदी उतरली की ये.’

मी ती दहा वेळा वाचली. त्या साली पावसानं श्रावणातच पाठ फिरवली होती. ढोरेत पोरं चेंडू खेळत होती. हे तुला ठाऊक नसेल असं कसं म्हणू, तू स्वतः तीच नदी पायी ओलांडून मळ्यात आला होतास. मग नदी उतरली की ये म्हणजे काय? मला वाटलं, कुजकट बोलतोस. शाळा बुडवलेल्या पोराला मास्तर आपणच बहाणा पुरवतो आणि सगळ्यांपुढं हसतो, तसं. मी चिठ्ठी चुलीत घातली. उत्तर पाठवलं नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी तू सही केलीस, कचेरीच्या किल्ल्या कलेक्टरच्या हातात दिल्यास आणि पायी घरी गेलास म्हणे. त्या दिवसासाठी तुझं बोलावणं आलं होतं. मी गेलो नाही.

नगरच्या स्टेशनाचं मात्र मला तुझ्याशी बोललंच पाहिजे. गेल्या वर्षी, थंडी पडू लागली होती. मी दौंडच्या गाडीला उभा होतो आणि समोरच्या फलाटावर तू. आधी ओळखलंच नाही. डोक्यावर साधी टोपी, हातात स्वतःची पिशवी, अंगानं निम्मा झालेला. शेजारी कोणी नाही. तू मला बघितलंस आणि तुझं तोंड असं उजळलं, की अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तू हात पुढं केलास. तळवा वर. आणि भर स्टेशनात दोन्ही फलाटांवरची माणसं ऐकताहेत, तरी मोठ्यानं ओरडलास, ‘रावजी! पानी वसरलं का रं?’

मी पाठ फिरवली. अजून टोमणे मारतोय, म्हटलं. वर्ष झालं तरी ह्याची हौस फिटेना. चहाच्या गाड्याकडं तोंड करून उभा राहिलो. तुझी गाडी आली, सुटली, तरी वळलो नाही. गाडी गेल्यावर वळलो. फलाट रिकामा होता.

तू आजारी होतास हे मला माहीत नव्हतं, सोपाना. देवाशपथ माहीत नव्हतं. पण माहीत असतं तर वळलो असतो का, ह्याची खात्री मला देता येत नाही.

सर्वपित्री अमावस्येला चिटणीस आले. तुझे म्हातारे चिटणीस, संस्थानचं दप्तर लिहिणारे. वाळूतून काठी टेकत टेकत, धोतराला बोराटीचे काटे. मी ओसरीवर होतो. त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं, तेव्हाच मला कळलं. ‘एकादशीला गेले,’ म्हणाले. ‘तार करायला निघालो होतो. मग वाटलं, आपल्याला तार नको, समक्ष जावं.’ बायकोनं आत तोंडात पदर कोंबून दाबलेला हुंदका मला ऐकू आला. मी म्हटलं, पाणी घ्या. 

पाणी पिऊन चिटणीस नदीकडं बघत बसले. मग म्हणाले, ‘एवढीच का हो ही ढोरा?’

मी म्हटलं, ‘एवढीच. का?’

‘काही नाही. मी हिचा महापूर लिहिला आहे दप्तरात.’

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं उन्हानं. तर ते म्हणाले, ‘आपल्याला ठाऊक नाही? शेवटच्या दरबारातलं?’ आणि मग त्यांनी सांगितलं. मी खांबाला टेकून ऐकत होतो.

तू गादीवर बसून हात पुढं केला होतास. उजव्या हाताची पहिली बैठक रिकामी. दिवाणजी म्हणाले, मुहूर्त टळतोय. तू हात तसाच ठेवलास. पुढच्या घरचे सरदार पान घेऊन उठले, तशी तू मूठ मिटलीस. ते बसल्यावर पुन्हा उघडलीस. शेवटी दिवाणजींनी शिरस्ता वाचून दाखवला, की कारणाशिवाय गैरहजर राहिल्यास मान पुढच्या घराकडे. तेव्हा तू उभा राहिलास आणि भरदरबारात म्हणालास, ‘कारणाशिवाय नव्हे. आम्हाला आत्ताच सांगावा आला आहे. ढोरा नदीला पूर आहे. जहागीरदार पलीकडच्या तीरावर अडकले आहेत.’ दिवाणजी चाचरत म्हणाले, ‘महाराज, शेवगावाकडून कालच पत्र आलंय, तिकडे महिनाभर पावसाचा थेंब नाही.’ तू म्हणालास, ‘दिवाणजी, नदी त्यांची आहे. पूर आला म्हणजे आला. चिटणीस, लिहून घ्या.’

चिटणीस म्हणाले, ‘उभ्या नोकरीत मी लिहिलेली ती एकच खोटी नोंद. महाराजांनी दुसऱ्या कुणाचं सोनं घेतलं नाही. म्हणाले, नदी उतरली की ते येतील, तेव्हा दरबार पुरा होईल. तोवर तो उघडाच. पुढे संस्थानच गेलं. दरबार काही मिटला नाही, जहागीरदार.’

मी विचारलं, ‘मला का नाही सांगितलंत? दोन वर्षं!’ ओरडलोच असेन मी, कारण बायको बाहेर आली.

‘महाराजांनी बजावलं होतं,’ चिटणीस म्हणाले. ‘म्हणाले, त्याला सांगून आणला तर त्याचा मान काय राहिला? तो आपण होऊन येईल. फार रागीट आहे, वेळ लागेल.’

सोपाना, लेका, तू माझ्यासाठी नदीला पूर आणलास, आणि मी तो चुलीत घातला. मला एकदा शिवी द्यायचीस. त्या स्टेशनावर फलाट ओलांडून येऊन थोबाडीत मारायचीस. इतका मान राखायचा असतो का कुणी माणसाचा? मी म्हणालो होतो, आम्ही बसवला तुला. तुझ्या शेवटच्या दरबारात मला माझ्या जागेवर तू बसवून ठेवलंस, मी तिथं नसताना. आणि ते वाक्य परत घ्यायला मी आलो नाही. आता घेतो. तुला कुणी बसवलं नव्हतं रे. वडिलांनी फक्त दमणीत घातलं होतं.

आणि एक. वडील घाटात तुला चुकीचं बोलले. राजा मरायच्या आधीही उठू शकतो. तू उठून दाखवलंस, आणि आमच्यापैकी कुणापेक्षाही चांगला उठलास.

काल तुझा तेरावा झाला. आज खंडेनवमी. सकाळी बांधावर जाऊन डहाळी तोडली. कोयता दोनदा घसरला. बायकोनं फडकं भिजवून दिलं, पिठलं-भाकरी बांधली. दोन जणांची का बांधलीस, विचारलं तर म्हणाली, ‘असू द्या. भाऊजींची निम्मी राहिली होती.’ चिटणीसांनी सांगून ठेवलं आहे, तुला जिथं अग्नी दिला तिथं अजून चौथरा बांधलेला नाही, नुसती जागा सारवून ठेवली आहे. मला तेवढी पुरे. राणीसाहेबांपुढं उभं राहायचं धाडस होईल की नाही, ते तिथं गेल्यावर बघू. दुपारची मोटार आहे. तिसगावाला थांबेल तेव्हा मी खाली उतरणार नाही.

यंदाही पावसानं तोंड फिरवलं आहे. मघाशी नदीत उतरून बघून आलो. ह्या काठापासून त्या काठापर्यंत वाळू, घोट्याएवढंही पाणी कुठं नाही. दोन वर्षं हात पुढं धरून बसला आहेस, आवघडला असेल. धर अजून जरा वेळ. ढोरा उतरली, सोपाना. मी निघालो.